प्रेसनोट पाठवायची कधी? पान सुटण्याच्या वेळेपासून उलटं मोजा

संध्याकाळी साडेसात वाजता तुम्ही पत्रकाराला फोन केलात आणि पलीकडून "पाठवून ठेवा, बघतो" असं उत्तर आलं, तर ती बातमी त्या दिवसापुरती गेली असं धरून चाला. विषय त्यांना नावडला असेलच असं नाही. त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या दोन बातम्या अर्धवट असतात, संपादकीय डेस्कवरून "कॉपी (मजकूर) कुठाय?" म्हणून विचारणा सुरू असते आणि पानावरची जागा जवळपास वाटून झालेली असते. हाच फोन सकाळी साडेअकराला केला असता, तर त्याच माणसाने तुम्हाला चार प्रश्न विचारले असते.

हा लेख आहे छोट्या संस्था, प्रकाशक, नाट्यमंडळी, दवाखाने आणि नवे उद्योजक यांच्यासाठी. म्हणजे ज्यांच्याकडे पीआर एजन्सी नाही त्यांच्यासाठी, आणि एजन्सीत नुकतेच चिकटलेल्यांसाठीही. प्रेसनोट कशी लिहावी यावर ढिगाने सल्ले मिळतात. वेळेबद्दलचा सल्ला मात्र बहुतेक "मंगळवारी सकाळी दहाला ईमेल पाठवा" या छापाचा असतो. मुंबईतल्या मराठी वर्तमानपत्राच्या कामाशी त्याचा फारसा संबंध नाही. इथे आपल्या कार्यक्रमाच्या तारखेवरून हिशोब सुरू करायचा नसतो. पान कधी सुटतं, म्हणजे छपाईला जातं, ते आधी बघायचं आणि तिथून मागे मोजत यायचं.

आधी पत्रकाराचा दिवस समजून घ्या

सकाळच्या दैनिकात काम करणाऱ्या वार्ताहराचा दिवस साधारण दहा-अकराला सुरू होतो. आज काय देणार, हे दुपारपूर्वी मुख्य वार्ताहराला सांगावं लागतं. मग बीटवरची, म्हणजे वाट्याला आलेल्या ठिकाणांवरची, फिरती: मंत्रालय, महापालिका मुख्यालय, हायकोर्ट, पोलीस आयुक्तालय, रुग्णालयं. चार-पाचच्या सुमारास मंडळी ऑफिसात परततात किंवा जिथे असतील तिथेच लॅपटॉप उघडतात. पाच ते आठ लिखाण. त्यानंतर बातमी वार्ताहराच्या हातातून उपसंपादकाच्या हाती जाते आणि वार्ताहराची इच्छा असली तरी फार काही बदलता येत नाही.

आता आवृत्त्यांचं गणित. अंक जितका लांब जायचा, तितकं त्याचं पान लवकर सुटतं. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती आधी, शहर आवृत्ती सगळ्यात शेवटी, रात्री उशिरा. ठाणे, वसई-विरार, नवी मुंबईच्या स्थानिक पुरवण्या मुख्य अंकाच्या बऱ्याच आधी तयार होतात. म्हणून डोंबिवलीतल्या कार्यक्रमाची बातमी रात्री नऊला पाठवून "शहर आवृत्ती तर बाराला सुटते ना?" असं म्हणण्यात अर्थ नसतो. तुमची बातमी ज्या पानावर लागणार, ते पान कधीच छपाईला गेलेलं असतं. प्रत्येक वर्तमानपत्राच्या वेळा निराळ्या असतात आणि त्या बदलतही राहतात. त्यामुळे ओळख झाल्यावर पहिल्याच बोलण्यात सरळ विचारा: "तुमचं पान साधारण किती वाजता सुटतं?" या प्रश्नाचा राग कुणाला येत नाही. उलट समोरच्याला हायसं वाटतं.

यावरून निघणारा ढोबळ हिशोब असा. नव्या विषयाबद्दल बोलायचं असेल तर सकाळी अकरा ते एक. त्याच दिवशीची बातमी असेल तर पूर्ण मजकूर आणि फोटो चारच्या आत. पाचनंतर फोन करायचा तो फक्त मजकुरात चूक सापडली तर, किंवा खरोखरच मोठं काही घडलं तर.

बातमी कोणत्या जागेसाठी आहे ते ठरवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. एकच प्रेसनोट सगळ्यांना, एकाच वेळी, एकाच व्हॉट्सअॅप ब्रॉडकास्टवरून जाते. पण वर्तमानपत्रातल्या प्रत्येक जागेचं वेळापत्रक वेगळं आहे.

"आजचे कार्यक्रम" छापाच्या सदरासाठी चार ओळी पुरतात, पण त्या दोन-तीन दिवस आधी पोहोचायला हव्यात. शहर पानावरची छोटी बातमी त्याच दिवशीची चालते. पानाच्या तळाला जी निवांत, माणसांची गोष्ट सांगणारी बातमी असते, ती म्हणजे अँकर. छोट्या संस्थांसाठी माझ्या मते ही सगळ्यात चांगली जागा. अँकरला घाई नसते. चांगला अँकर हाताशी असला की मुख्य वार्ताहरही खूश, कारण एखाद्या दिवशी बातम्यांचा दुष्काळ पडला की तो कामाला येतो. तेव्हा असा विषय आठ-दहा दिवस आधी द्या आणि "अमुकच तारखेला लावा" असा हट्ट धरू नका. "या तारखेच्या आधी आली तर आम्हाला उपयोग होईल" एवढं सांगितलं की पुरे.

पुरवण्यांचा कारभार पुन्हा वेगळा. 'लोकसत्ता'ची 'चतुरंग' शनिवारी येते आणि 'लोकरंग' रविवारी. 'महाराष्ट्र टाइम्स'ची 'संवाद', 'सकाळ'ची 'सप्तरंग', 'लोकमत'ची 'मंथन' या रविवारच्या. ही पानं शनिवारी रात्री लागत नाहीत, विषय कितीतरी आधी ठरलेले असतात. पुरवणीसाठी किमान तीन आठवडे हातात ठेवा आणि वार्ताहराशी न बोलता पुरवणी बघणाऱ्यांशी बोला. तिथे प्रेसनोट पाठवणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. लेखाचा विषय, तो कोण लिहील आणि आत्ताच का, एवढं पाच ओळींत सांगा.

वृत्तवाहिन्यांचा दिवस आदल्या संध्याकाळी ठरतो. असाइनमेंट डेस्क उद्या कॅमेरा कुठे जाणार याची आखणी करतो, म्हणून निमंत्रण आदल्या दिवशी चार-पाचपर्यंत त्यांच्याकडे हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आठवण करून द्या. संध्याकाळच्या बातम्यांत दिसायचं असेल तर बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची छोटी वक्तव्यं, दुपारी तीन-चारपर्यंत रेकॉर्ड व्हायला हवेत. वेबसाइटवाल्यांना वेळेचं बंधन कमी, पण त्यांना सगळं तयार लागतं: मजकूर, आडवा फोटो, नावं नीट लिहिलेली. "फोटो संध्याकाळी देतो" म्हटलं की तिथला विषय संपला.

मुंबईचं कॅलेंडर समोर घ्या

भिंतीवरचं कालनिर्णय सणांसाठी पुरेल. त्यावर आणखी काही तारखा स्वतःच्या हाताने लिहा.

१ फेब्रुवारी. २०१७ पासून केंद्रीय अर्थसंकल्प साधारणपणे याच दिवशी मांडला जातो. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अर्थसंकल्पाखेरीज काही पाठवू नका. मात्र तुमच्याकडे अर्थसंकल्पावर बोलू शकणारा माणूस असेल, उदाहरणार्थ लघुउद्योजक, सहकारी बँकेचे संचालक किंवा करसल्लागार, तर आठवडाभर आधीच अर्थविषयक पत्रकाराला कळवा: "त्या दिवशी दुपारी एक ते तीन हे फोनवर उपलब्ध असतील." रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाचंही तेच. साधारण दोन महिन्यांतून एकदा, सकाळी दहाला, मुंबईतच गव्हर्नर निर्णय जाहीर करतात. गृहकर्जाच्या हप्त्यावर प्रतिक्रिया द्यायची असेल तर ती साडेअकरापर्यंत पोहोचायला हवी. संध्याकाळी पाठवलेली प्रतिक्रिया कितीही मार्मिक असली तरी तोवर दुसऱ्या चौघांच्या प्रतिक्रिया लागलेल्या असतात.

विधिमंडळाची अधिवेशनं: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी डिसेंबरमध्ये नागपूरला. हिवाळी अधिवेशनात राजकीय पत्रकारांची फौज नागपुरात असते. तुमचा विषय त्यांच्याकडचा असेल तर थांबा.

पावसाळा. मुंबईत मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. लोकल बंद पडल्या, हिंदमाताला पाणी भरलं, की शिक्षण बघणारा वार्ताहरही रेल्वे स्टेशनवर उभा असतो. त्या दिवशी तुमच्या पुस्तक प्रकाशनाला कुणी येणार नाही आणि यायची अपेक्षाही ठेवू नये. साडेचार मीटरहून उंच भरती कोणत्या दिवशी आहे, याची यादी महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. ती यादी जवळ ठेवून जून ते सप्टेंबरच्या पत्रकार परिषदा ठरवा. उलट बाजूही आहे. साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या प्रतिबंधासाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असं आवाहन पालिका करते. तुम्ही दवाखाना चालवत असाल तर पाणी भरलं त्याच संध्याकाळी, पाचच्या आत, तुमच्या डॉक्टरांच्या चार स्पष्ट ओळी आरोग्य वार्ताहराकडे गेल्या पाहिजेत. तिसऱ्या दिवशी त्यांचा वाचकाला उपयोग नाही आणि पत्रकारालाही नाही.

गणेशोत्सवाचे दिवस, दहीहंडी, नवरात्र: मंडळांच्या बातम्यांनी पानं भरलेली असतात. सणाशी संबंध असेल तर दोन आठवडे आधी बोला, नसेल तर सण उलटू द्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंची गर्दी असते, त्यामुळे ५ आणि ६ तारखेला दादर परिसरात पत्रकारांना बोलावण्याचा विचारही करू नका.

आणि ज्या दिवशी अंकच नसतो ते दिवस. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला बहुतेक वर्तमानपत्रांच्या कार्यालयांना सुट्टी असते, म्हणून २७ जानेवारी आणि १६ ऑगस्टला छापील अंक निघत नाही. झेंडावंदनाला जोडून काही उपक्रम सुरू करणाऱ्या संस्था दरवर्षी इथे फसतात. १५ ऑगस्टच्या सकाळची बातमी १७ तारखेला छापून येणार, म्हणजे शिळी होऊन. अशा वेळी बातमी १३ तारखेलाच द्या, "उद्यापासून, परवापासून" या सुरात. ती १४ किंवा १५ ऑगस्टच्या अंकात लागली तर लोक प्रत्यक्ष येतीलही. दिवाळीतही एक-दोन दिवस अंक नसतो. कोणते, ते त्या वर्षी विचारून घ्या.

६ जानेवारीचं जाता जाता सांगतो. १८३२ साली याच दिवशी 'दर्पण' सुरू झालं, म्हणून राज्यात तो पत्रकार दिन. त्या दिवशी पत्रकारांचे इतके सत्कार असतात की तुमचं शाल-श्रीफळ कुणाच्या लक्षात राहत नाही.

सोमवारच्या अंकाचा फायदा घ्या

रविवारी मंत्रालय बंद, कोर्ट बंद, शेअर बाजार बंद. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, त्यामुळे शनिवारही गेला. पानं मात्र सोमवारीही भरावी लागतातच. म्हणून रविवारी संध्याकाळी न्यूजरूमला चांगल्या, सरकारबाह्य बातमीची खरी भूक असते.

अडचण एकच: रविवारी ड्युटीवर अर्धी माणसं असतात आणि तुमच्या ओळखीची त्या दिवशी सुट्टीवर असू शकतात. त्यामुळे शुक्रवारी विचारून घ्या, "रविवारी कोण असेल?" मजकूर आणि फोटो शनिवारीच त्यांच्याकडे देऊन ठेवा, रविवारी दुपारी एक आठवण करा. मात्र रविवारी सकाळी पत्रकार परिषद ठेवायच्या फंदात पडू नका. लोकलचा मेगाब्लॉक साधारण सकाळी साडेदहा-अकराला सुरू होऊन दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो, आणि नेमक्या त्याच वेळेत तुम्ही लोकांना बोलावलेलं असतं.

पत्रकार परिषद: जागा आणि वेळ एकत्र ठरवा

आझाद मैदानाजवळचा मुंबई मराठी पत्रकार संघ आणि मुंबई प्रेस क्लब या जागा उगाच लोकप्रिय नाहीत. सीएसएमटीपासून चालत, महापालिका समोर, मंत्रालय जवळ. दुपारी साडेबाराला तिथे परिषद ठेवली तर वार्ताहर येऊन, प्रश्न विचारून, दोन वाजेपर्यंत आपल्या बीटवर परततो. तीच परिषद पवईच्या हॉटेलात ठेवलीत तर त्याचा अर्धा दिवस प्रवासात जातो. जेवण कितीही चांगलं ठेवा, तो ज्युनिअरला पाठवेल किंवा कुणालाच नाही.

दिलेल्या वेळेला सुरू करा. प्रमुख पाहुणे आले नाहीत म्हणून पाऊण तास थांबवलं की पत्रकार प्रेसनोट घेऊन निघून जातात, आणि ते बरोबरच आहे. शिवाय स्वतःला एकदा विचारा की परिषद खरंच हवी आहे का. दहापैकी सात वेळा दोन पत्रकारांशी निवांत बोलणं जास्त कामाचं ठरतं.

एक उदाहरण, तारखांसकट

समजा, दादरच्या एका ग्रंथालयाने शंभर वर्षांपूर्वीची मराठी मासिकं स्कॅन केली आहेत. मराठी भाषा गौरव दिनी, २७ फेब्रुवारीला, संध्याकाळी साडेसहाला उद्घाटन आहे. संस्थेची पहिली कल्पना अशी असते की कार्यक्रम झाला की प्रेसनोट काढू. कार्यक्रम साडेसहाचा म्हणजे सुरू होणार सातला, भाषणं संपणार साडेआठला, फोटो हातात येणार नऊला. शिवाय त्या दिवशी भाषेचेच पन्नास कार्यक्रम. बातमी लागलीच तर "थोडक्यात"मध्ये तीन ओळी.

आता उलटं मोजू. जानेवारीच्या अखेरीस पुरवणी बघणाऱ्यांशी बोला, २७ च्या आधीच्या रविवारसाठी. ते जमलं नाही तर १५ ते १८ तारखेदरम्यान एकाच वार्ताहराला अँकरचा विषय द्या. भाषा दिनाच्या आदल्या दोन-तीन दिवसांत संपादकांना असे विषय हवेच असतात. संदेश असा असू शकतो:

"नमस्कार मॅडम. दादरच्या आमच्या ग्रंथालयातली शंभर वर्षांपूर्वीची मराठी मासिकं स्कॅन करून झाली आहेत. २७ तारखेपासून ती वाचकांना मोफत बघता येतील. हे काम तीन निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी केलंय. ते मंगळवारी आणि बुधवारी ११ ते २ ग्रंथालयात भेटतील, फोटोही काढता येतील. ही माहिती अजून कुणाला दिलेली नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत तुमचा अंदाज कळवलात तर बरं होईल. नाही जमलं तरी हरकत नाही."

यातली शेवटची तीन वाक्यं महत्त्वाची. एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकालाच दिलेली बातमी, देताना मुदत सांगायलाच हवी, नाहीतर तुम्ही त्यांच्या उत्तराची वाट बघत बसता आणि तारीख निघून जाते. मुदत संपली, उत्तर नाही आलं, तर दुसरीकडे जायला तुम्ही मोकळे. पण त्यांनी "घेतेय" म्हटलं की मग ती माहिती दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. मुंबईतले पत्रकार रोज एकमेकांना भेटतात. दोघांना "फक्त तुम्हालाच" सांगितलेलं दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर उघडं पडतं.

२३-२४ तारखेला कार्यक्रमांच्या सदराला चार ओळी. २६ ला दुपारी चारपर्यंत वाहिन्यांचे असाइनमेंट डेस्क आणि छायाचित्रकारांना निमंत्रण. २७ ला दुपारी तीन वाजता सगळ्यांना पूर्ण मजकूर, दुपारीच काढलेल्या फोटोसह: जुन्या मासिकाचं पान, शेजारी स्कॅनर, काम करणारे हात. "आज संध्याकाळी उद्घाटन होत आहे" असं त्यात असू द्या. रात्री आठला पाहुण्यांचं एक वाक्य आणि एक फोटो पाठवला की डेस्कला फक्त पहिली ओळ बदलावी लागते.

मजकूर युनिकोडमध्ये, थेट मेलच्या अंगात लिहिलेला हवा. लेटरहेडवर छापून त्याचा मोबाइलने काढलेला फोटो, किंवा जुन्या फाँटमधली फाइल, ज्यात उघडल्यावर चिन्हांचा कचरा दिसतो, ती रात्री आठला उपसंपादकाने पुन्हा टाइप करावी असं वाटत असेल तर नाद सोडा.

एम्बार्गो आणि शेअर बाजार

एम्बार्गो म्हणजे माहिती आधी देणं आणि अमुक वेळेआधी छापू नका असं सांगणं. अहवाल, संशोधन, मोठी आकडेवारी अशा गोष्टींना तो योग्य, कारण वाचायला वेळ लागतो. आधी पत्रकाराची संमती घ्या, मग कागद पाठवा. न विचारता पाठवून वर "एम्बार्गो" लिहिलेलं कुणावर बंधनकारक नसतं. संस्थेच्या वर्धापन दिनाला एम्बार्गो लावणाऱ्यांना काय म्हणावं!

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर वेळ तुमच्या हातात नाही. भावावर परिणाम करणारी माहिती आधी शेअर बाजाराला कळवायची, मग पत्रकारांना. कंपनी सेक्रेटरीला विचारल्याशिवाय "सर, आतली बातमी आहे" असा फोन करू नये.

तुमच्याविरुद्ध बातमी येत असेल तेव्हा

पत्रकाराचा फोन दुपारी चारला येतो: "अशी तक्रार आहे, तुमचं म्हणणं काय?" संस्था मीटिंग घेते, वकिलांना विचारते, मसुदा फिरतो आणि साडेनऊला उत्तर जातं. सकाळी छापून येतं, "संपर्क साधला असता प्रतिक्रिया मिळू शकली नाही." पत्रकाराने काही चुकीचं केलेलं नसतं. फोनवरच विचारा, "किती वाजेपर्यंत हवंय?" आणि त्या वेळेच्या आधी दोन ओळी तरी द्या: तक्रार मिळाली आहे, चौकशी सुरू आहे, अमुक दिवसापर्यंत कळवू. सविस्तर खुलासा दुसऱ्या दिवशी देता येतो. पहिल्या दिवशी रिकामी सोडलेली जागा मात्र परत भरता येत नाही.

पाठपुरावा एकदाच

सकाळी पाठवलं असेल तर दुपारी दोन-अडीचला एक फोन. "मेल मिळाला का?" हा प्रश्न नको. काहीतरी द्यायला असेल तर फोन करा: नवा फोटो, बोलायला तयार असलेली व्यक्ती, मजकुरात राहिलेला आकडा. बातमी लागली नाही तर का लागली नाही हे विचारू नका, आणि "आम्ही तुमच्याकडे जाहिरात देतो" हे तर चुकूनही नाही. वार्ताहराच्या हातात जाहिरात विभाग नसतो आणि त्या वाक्यानंतर तुमचा नंबर तो उचलत नाही.

एक वही ठेवा. कुणाला काय पाठवलं, किती वाजता, उत्तर कधी आलं, बातमी कोणत्या वारी आणि कोणत्या पानावर लागली. काही महिन्यांत दिसायला लागतं की या मॅडम सकाळी साडेदहाला लोकलमध्ये असताना मेसेज वाचतात, ते सर गुरुवारी सुट्टीवर असतात, अमुक वर्तमानपत्रात सोमवारी अँकर हमखास लागतो. पत्रकारांचे बीट आणि ऑफिसं बदलत राहतात, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी यादीतल्या प्रत्येकाला एकदा विचारून घ्या: "हा विषय अजून तुमच्याकडेच आहे ना?"